न संपणारी ट्यूब

गोदामात माल आला की त्यावर तारीख टाकायची, ही माझी बावीस वर्षांची सवय. घरच्या टूथपेस्टच्या ट्यूबवरही मी पेनने तारीख टाकतो. बायको हसते, हसू दे.

वर्षापूर्वी फ्लोराइड घातक असतं असं कुठेतरी वाचलं आणि फ्लोराइडवाली जुनी पेस्ट घरातून हद्दपार केली. लवंगेची नैसर्गिक पेस्ट आणली, बारा ट्यूबांचं खोकं. त्यावर छापलं होतं, ‘संपूर्ण कुटुंबासाठी’. बायकोने नाक मुरडलं. आई म्हणाली, “माझे चार दात उरलेत, त्यांना तरी सुखानं राहू दे.” थोरला मोबाइलमधून वर बघेल तर शपथ. सात वर्षांची धाकटी टिचकी मात्र ब्रश घेऊन हजर.

पाच माणसं, महिन्याला एक ट्यूब, असा माझा अंदाज. वर्ष सरलं आणि पाहतो तर पाचवी ट्यूब अजून निम्मी. मनात पाल चुकचुकली. गोदामात माल कमी भरला तर चोरी असते, जास्त भरला तर त्याहून मोठी लबाडी.

मी झडती घेतली. पिठाच्या डब्यामागे बायकोची जुनी पेस्ट, थोरल्याची बुटात, आईची उशीखाली रुमालात गुंडाळलेली. घर फिरलं की वासेही फिरतात. राग आलाच, पण खरं सांगायचं तर वाईट जास्त वाटलं. टिचकीच्या दप्तरात काहीच नव्हतं. एक तरी माझ्या बाजूची निघाली म्हणून मी तिला उचलून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात ती जेवता जेवता गाल धरून बसली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवून पाहिलं. “दोन दाढा किडल्यात. त्यातली एक कायमची आहे, पुन्हा येणार नाही. पेस्ट कुठली वापरता?”

“बाबांची,” टिचकी ऐटीत म्हणाली. “मी एकही दिवस चुकवला नाही.”

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी जमिनीकडे.

बाहेर आल्यावर मी बायकोवर घसरलो. “थोरल्याला चोरून दिलीस ना दुसरी पेस्ट? मग हिला का नाही दिलीस?”

“दिली होती. दोनदा,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा परत आणून दिली. म्हणाली, मी पण तुमच्यात आले तर बाबा एकटे पडतील.”