सात मजल्यांचं पिंपळपान

गॅलऱ्यांना दिव्यांच्या पट्ट्या बांधून झाल्या, तेव्हा सुगंधाच्या हातात वायरचे इतके तुकडे उरले होते की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. वाया काही म्हणून घालवलं नव्हतं.

घाटकोपरच्या त्यांच्या सात मजली इमारतीवर उद्या बुद्धपौर्णिमेला पिंपळाचं पान उजळायचं होतं. तेही हलतं. सुगंधाची भाची दीप्ती अंधेरीच्या एका कंपनीत कार्यक्रमांचे दिवे सांभाळते. विहारामागच्या पिंपळाचं एक पान वाऱ्यावर डोलताना तिने मोबाइलवर टिपलं होतं. आता तेच पान समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांच्या जाळ्यांवर डोलणार होतं.

"म्हणजे मोठा पडदा लावणार?" कमिटीच्या बैठकीत अध्यक्ष शिवदासकाकांनी विचारलं होतं.

"इमारतच पडदा, काका," दीप्ती म्हणाली. "चित्राचे बारीक तुकडे करायचे न् एकेका दिव्याला एकेक तुकडा नेमून द्यायचा. तुकडा हिरवा झाला की तो दिवा हिरवा, काळा झाला की बंद."

"पंगतीसारखं," सुगंधा म्हणाली. "ज्याचा पाट त्याचं ताट."

"बरोबर, मावशी. अगदी तस्संच."

"न् नाही जमलं तर?" काकांचा जीव दरवर्षीच्या राजेश डेकोरेटरच्या हॅलोजनमध्ये अडकला होता.

"जमणार. माझा शब्द," सुगंधा बोलून गेली. दीप्ती आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली राबली होती. स्वतःच्या नावावरचं हे तिचं पहिलंच काम.

पट्ट्या बांधायचं काम बायकांनी अंगावर घेतलं. जाळीच्या प्रत्येक आडव्या गजावर एक ओळ. दीप्तीने बजावून सांगितलं होतं की प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करायची. ओळ उजवीकडे संपली की तिथून वायर परत डावीकडे आणायची आणि पुढची ओळ जोडायची. पण जयंतीच्या पताका बांधून हात तयार झालेल्या त्या बायका! पताकेची दोरी टोकाला गेली की तिथूनच वळते.

"रिकामी वायर फिरवत बसायची कशाला?" तिसऱ्या मजल्यावरची रत्नप्रभा म्हणाली.

"वळव तिथूनच," सुगंधाने हुकूम दिला होता.

दिवेलागणीला दीप्तीने मैदानात टेबल मांडून लॅपटॉप उघडला. त्यावर पान झकास डोलत होतं. तिने बटण दाबलं. इमारत हिरवीगार झाली खरी, पण पानाचा पत्ताच नव्हता. एक ओळ इकडे पळत होती, तिच्या खालची तिकडे. पालकाची भाजी वाटत होती, आणि तीही जास्त शिजलेली.

"वाट लागली," काकांनी खिशातून फोन काढला. "सुगंधा, राजेशला बोलावून घेतो गं. उद्या लोकांपुढे हसं नको."

"थांबा ना दोन मिनिटं!" सुगंधा म्हणाली. दीप्ती नखं खात एकटक वर बघत होती. लहानपणी गणित अडलं की अशीच बसायची.

काहीतरी करायचं म्हणून सुगंधाने उरलेल्या वायरचा गुंडा टेबलावर ठेवला. "ही घे बाई. तुझी वायर तरी वाचवली आम्ही."

दीप्तीने गुंड्याकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि खो खो हसत सुटली.

"मावशी, ओळी टोकालाच वळवल्यास ना?"

"पताकेसारख्या," सुगंधाचा आवाज खाली गेला. "म्हणजे माझ्यामुळेच ना? सोडायला लावते गं सगळ्याजणींना. पुन्हा बांधू."

"कशाला सोडताय? अर्धी पंगत उलट्या टोकाने बसलीय, एवढंच. वाढप्याला सांगते, एक ओळ इकडून वाढ, पुढची तिकडून. तुम्ही बांधलंय ते छानच आहे. मी या लॅपटॉपला तुमची रीत शिकवते." तिची बोटं चालू लागली. सुगंधा बघतच राहिली. ही पोरगी इतक्या माणसांसमोर मावशीवर जराही चिडली नव्हती.

"आता इथे उभी राहू नकोस. जवळून नुसते ठिपके दिसतात. समोरच्या पादचारी पुलावर जा न् फोन कर."

सुगंधा धापा टाकत पुलावर चढली, फोन लावत वळली, आणि तो कानाला धरायचाच विसरली. सात मजल्यांवर एक पान होतं. शिरा फिक्या, कडा गडद, शेपटीसारखं लांब टोक थरथरत होतं. विहारामागचं तेच पान, त्याच वाऱ्यात. बाजूने चाललेला एक माणूस भाजीची पिशवी खाली ठेवून बघत उभा राहिला.

"मावशी! बोल ना काहीतरी!"

"अगं, हलतंय गं! जिवंत आहे!" मग तिने डोळे पुसून नीट पाहिलं. "पण मध्ये एक भोक आहे. पान हलतंय, भोक जागच्या जागी."

"कितवा मजला?"

सुगंधाने मोजलं. तिसरा! तिने लगेच दुसरा फोन फिरवला. "रत्नप्रभे! गॅलरीच्या जाळीवर टाकलेली चादर काढ आधी!"

"ओली आहे गं अजून."

"पानाला भोक पडलंय तुझ्या चादरीने! काढ म्हणते ना!"

चादर आत गेली आणि पान अख्खं झालं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. शिवदासकाका होते. मागून टाळ्या ऐकू येत होत्या.

"सुगंधा, मीपण पलीकडच्या फुटपाथवर आलोय. दिसलं बरं का." काका जरा घुटमळले. "राजेशला काय सांगू?"

"सांगा, खुर्च्या तेवढ्या पाठव. आणि त्या फुटपाथवर मांड."