तेहेतीस दिवसांची हजेरी

टुलेरी गावात इव्हलीन सोझाची शाळा रोज सकाळी साडेआठला तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची. न्याहारीची ताटली बाजूला सरकवायची, चष्मा पुसायचा, लॅपटॉप उघडायचा, की पडद्यावर एकेक चौकट उजळू लागे. कुणी अंथरुणातच बसलेलं, कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या तोंडात घास. मार्चमधल्या त्या सोमवारीही सगळं असंच होतं. सगळ्यात आधी उजळली ती मिरेया साल्दान्याची चौकट. ती नेहमीच पहिली असे. केस नीट विंचरलेले, कडेवर धाकटी बहीण, आणि "गुड मॉर्निंग, मिस" म्हणताना आवाज अगदी हळू, कारण पहाटे तीनच्या पाळीवरून परतलेले आईबाप शेजारच्या खोलीत झोपलेले असत.

मिरेयाचा बाप एफ्राइन मोठमोठ्या गोठ्यांवर दूध काढायचा, आई चायो तिथेच वासरांचं बघायची. त्या भागात कामाबरोबर घर मिळतं आणि काम सुटलं की घरही सुटतं. मालकाने गाई विकायला काढल्या की आठवड्याच्या आत गाद्या गाडीवर चढतात. पंधरा वर्षांची होईपर्यंत मिरेयाने सात शाळा पाहिल्या होत्या. अपूर्णांक ती तीन शाळांत तीनदा शिकली आणि टक्केवारी एकाही शाळेत शिकली नाही, कारण तो धडा यायच्या आत गाडी भरलेली असे.

मग गावच्या जत्रेत चायोला या ऑनलाइन शाळेचा तंबू दिसला. तुम्ही जाल तिथे तुमची शाळा, असं वर रंगवलेलं होतं. चायोने तो फलक मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि तिथल्या तिथे नाव घातलं. त्यानंतर दोन घरं बदलली, पण शाळा बदलली नाही. आता जूनमध्ये मिरेया बारावी पास होणार होती आणि त्यानंतर जनावरांच्या दवाखान्यातलं शिक्षण घेणार होती. साल्दान्यांच्या घरात आजवर बारावीचा कागद कुणी पाहिला नव्हता. चायोने त्यासाठी भिंतीवर लावायची चौकट आधीच आणून ठेवली होती.

अशा शाळांना सरकार मुलांच्या हजेरीवर पैसे देतं. मूल जितके दिवस हजर, तितक्या दिवसांचे. पण घरी बसलेल्या मुलाची हजेरी मोजायची कशी? तर दर महिन्याला शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या अभ्यासातलं एक पान नमुना म्हणून कार्यालयात पाठवायचं आणि खाली सही करायची, की हे मूल इतके दिवस शिकत होतं. बहुतेक शिक्षक हाताला लागेल ते पान पाठवतात. गणिताचं पाठवलं की कुणी वाचतही नाही. इव्हलीनला मात्र खोड होती. ती प्रत्येक मुलाचं सगळ्यात चांगलं पान शोधून काढायची. कार्यालयात ते कुणीतरी वाचेल आणि आपल्या मुलांचं कौतुक करेल, असं त्या भाबड्या बाईला वाटायचं.

त्या महिन्यात तिने मुलांना आपल्या खिडकीतून काय दिसतं ते लिहायला सांगितलं होतं. मिरेयाने लिहिलं होतं: "आमच्या नव्या खिडकीतून कालवा दिसतो. सव्वीस जानेवारीला गस्टीनला आलो तेव्हा बाबांनी मध्येच गाडी थांबवली आणि म्हणाले, बघ. शेतात बर्फ पडलंय असं वाटलं. मग ते बर्फ उडालं. हजारो पांढरे रानहंस होते. आई म्हणाली, बघा, यांना कुणी पत्ता विचारत नाही."

इव्हलीनने ते पान तीनदा वाचलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत इतकं साधं आणि इतकं खरं फार थोड्यांनी लिहून दिलं होतं. तिच्या डोळ्यांना वाक्यं दिसली, गावाचं नाव दिसलं नाही. तिने सही केली आणि पान पाठवून दिलं.

गुरुवारी दुपारी कार्यालयातून लॉरीनचा फोन आला. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. चर्चच्या सणाला एकाच मोठ्या भांड्यातलं सूप पंगतीला वाढत आलेल्या.

"इव्ही, गस्टीन कुठल्या जिल्ह्यात येतं गं?"

मर्सेडमध्ये, असं इव्हलीन हसत म्हणाली आणि म्हणता म्हणता तिचं हसू मावळलं.

नियम तिला पाठ होता. आपल्या जिल्ह्यातली आणि त्याला लागून असलेल्या जिल्ह्यांतली मुलं शाळेला चालतात. त्यापलीकडची चालत नाहीत. टुलेरी जिल्ह्याला लागून फ्रेझ्नो, आणि मर्सेड त्याच्या पलीकडे. साल्दान्यांची गाडी आणखी एक रेघ ओलांडून गेली होती. मिरेया सव्वीस जानेवारीपासून त्या रेघेपलीकडे होती. त्यानंतर शाळेचे तेहेतीस दिवस झाले आणि तेहेतीसही दिवस तिची चौकट सगळ्यांच्या आधी उजळली.

"ती शिकत होती, लॉरीन. रोज, माझ्या डोळ्यांसमोर."

"मला माहीत नाही का ते? पण सव्वीस तारखेनंतर ती आपली नव्हती. हे दिवस दाखवले आणि तपासणीत सापडले तर शाळेलाच टाळं लागेल. चारशे पोरं आहेत, इव्ही. मला काय हौस आहे का?"

लॉरीन वाईट बाई नव्हती. या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही आणि तेच फार वाईट आहे. नियमही कुणीतरी भल्यासाठीच केला असेल, लबाड शाळांनी दूरदूरची नावं भरून पैसे उकळू नयेत म्हणून. त्या लबाडांचं काय झालं कोण जाणे, दार आपटलं ते या मुलीच्या तोंडावर.

लॉरीनने पाठवलेल्या कागदावर एकच ओळ होती: सव्वीस जानेवारीपासून विद्यार्थिनी गैरहजर. इव्हलीनने विचारलं, गैरहजर कशाला म्हणायचं, दूर राहायला गेली म्हणा, पैसे घेऊ नका, पण तिचं काम तरी राहू द्या. लॉरीन म्हणाली, संगणकात दोनच रकाने आहेत, हजर नाहीतर गैरहजर, आणि गैरहजर दिवसांचे गुण धरता येत नाहीत. मग इव्हलीनने सही केली. चारशे मुलांसाठी केली असं तिने स्वतःला समजावलं. खरं तर ती घाबरली होती.

सोमवारी साडेआठला पहिली चौकट उजळली नाही. नऊच्या सुमारास फोनवर निरोप आला: "मिस, मला वर्गात येता येत नाहीये. माझंच काहीतरी चुकत असेल. आजचा अभ्यास झालाय माझा. कुठे पाठवू?"

शनिवारी इव्हलीन गाडी काढून दोन तासांवरच्या गस्टीनला गेली.

चायोने तिला आत बसवलं, कॉफी दिली, गोड पाव पुढे ठेवला. रागाचं एक अक्षर नाही. उलट चूक आपलीच असल्यासारखी ती सांगत राहिली. "पत्ता बदलायचा तर लाइटचं बिल मागतात, बाई. घर मालकाचं, बिल मालकाच्या नावावर. भाड्याची पावती मागतात, ती आम्हाला कोण देणार? म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. पोरगी तर रोज शिकतच होती ना."

गावातल्या शाळेतही मायलेकी जाऊन आल्या होत्या. तिथल्या बाई प्रेमाने बोलल्या, पण त्यांच्या हातात जानेवारीपर्यंतच्याच गुणांचा हिशेब आला होता. मार्चअखेर वर्गात बसवून जूनची परीक्षा धरता येणार नाही, शेवटची सहामाही सप्टेंबरपासून पुन्हा करावी लागेल, असं त्या म्हणाल्या. तोवर मालकाला वासरांकडे माणूस हवं होतं. घरात रिकामं बसून काय करणार, म्हणून मिरेया दोन-तीन दिवसांपासून तिकडे जात होती.

"सप्टेंबरमध्ये बघू," चायो म्हणाली. सप्टेंबरमध्ये साल्दान्यांचं घर कुठे असेल हे तिलाही माहीत नव्हतं आणि तिच्या मालकालाही.

मिरेया वासरांच्या ओळीत उभी होती. पायात आईचे रबरी बूट, दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्या. मिसला बघून ती हसली, आणि बाटल्या सोडता येईनात म्हणून तिने मानेनेच "या" म्हटलं.

"मिस, त्यांना कळलं कसं हो? आम्ही तर कुणालाच सांगितलं नव्हतं."

गाडीत दोन तास इव्हलीनने काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. "मी पाठवलं," ती म्हणाली. "तुझं खिडकीचं पान. नमुना म्हणून."

मिरेयाने वासराला बाटली संपवू दिली.

"का पाठवलंत?"

"सगळ्यात चांगलं होतं म्हणून."

"बीजगणिताचं पाठवायचं होतंत, मिस. त्यात मी कुठेच राहत नाही."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. एखाद्याने पुढच्या वेळची सोय सांगावी तसं बोलली. इव्हलीनचा बांध फुटला आणि ती त्या गोठ्यात उभी राहून रडली. "असं नका रडू," मिरेया म्हणाली, "वासरं दूध प्यायचं सोडतात." आणि दुसरी बाटली तिने मिसच्या हातात दिली.

घरी परतल्यावर इव्हलीनने कार्यालयाला पत्र लिहिलं. माझी सही मी परत घेत आहे. शाळेने त्या दिवसांचे पैसे हवं तर घेऊ नयेत, पण मिरेया साल्दान्या तेहेतीस दिवस हजर होती. मी पाहिलं आहे. गैरहजर असं मी लिहिणार नाही. लॉरीनने फोन करून विनवलं, मग चिडली, मग दोघींचं बोलणं बंद झालं. त्या वर्षी सणाच्या पंगतीत दोघी दोन टोकांना उभ्या राहून वाढत होत्या. मे महिन्यात इव्हलीनला पत्र आलं, की पुढच्या वर्षी तिची गरज नाही.

जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाच्या सभेत कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. जूनमध्ये, मिरेयाच्या वर्गातली मुलं टोपी घालून फोटो काढत होती त्या आठवड्यात, इव्हलीन तिथे गेली. भाषण तिने केलंच नाही. मिरेयाचं पान वाचलं आणि मग तेहेतीस तारखा एकामागून एक म्हटल्या. प्रत्येक तारखेपुढे म्हटलं: हजर. एकोणीस तारखा झाल्या आणि वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. अध्यक्षांनी नम्रपणे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला, तो मैदानावरच्या गवताचा होता.

इव्हलीन दर महिन्याला जाऊ लागली. उरलेल्या तारखा तिने जुलैत म्हटल्या.

ऑगस्टमध्ये तिने मिरेयाला निरोप पाठवला, की शाळा नसली म्हणून काय झालं, मला लिहून पाठवत जा. आठवडाभराने पाकीट आलं. पहाटे जन्मलेल्या एका वासराबद्दल पानभर लिहिलं होतं, आणि ते खिडकीच्या पानाहून चांगलं होतं. पाकिटावर टपालाचा शिक्का गस्टीनचाच होता, पण मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. आणि कागदावर जिथे जिथे गावाचं नाव यायला हवं होतं, तिथे तिथे मिरेयाने दोन बोटं जागा कोरी सोडली होती.

इव्हलीन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिने पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागांत एकेक करून, ठळक अक्षरात, गस्टीन लिहिलं. मग कागद घडी न घालता पिशवीत ठेवला आणि ती सभेला निघाली.