पॅरिसची पर्स

अमरावतीत जवाहर गेटच्या आत अफसानाचं टपरीवजा दुकान होतं. स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवता शिवता अब्बांनी तिला शिलाई शिकवली होती. अब्बा गेल्यावर तिने पर्स शिवायला घेतल्या. मासिकातला फोटो दाखवा, आठ दिवसांत तशीच पर्स तयार. रेक्झीनची, पण बक्कल, कुलूप, नावाचा ठसा, सगळं हुबेहूब. बायका तिला 'डुप्लिकेटवाली' म्हणत, त्याचं तिला काही वाटत नसे. सलत एवढंच असे, की ज्या वस्तूची आपण नक्कल करतो, ती आपण कधी हातात धरलेली नाही. फोटोत टाका दिसतो, टाक्याची पाठ दिसत नाही.

२००६च्या दिवाळीनंतर तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक साधना मॅडम दुकानात आल्या त्या तावातावानेच. त्यांच्या यजमानांचं बियाणं-औषधांचं कृषी केंद्र होतं. ते साल शेतकऱ्यांना वाईट गेलं. कृषी केंद्राला तेवढं वाईट गेलं नाही.

"पुण्याच्या लग्नात माह्या जावेनं चार बायांत माही पर्स उलटी करून पाह्यली," त्या म्हणाल्या. "म्हणे, अगं साधना, हे तर रेक्झीन आहे! जमीन फाटून आत जावं असं झालं मले."

"मॅडम, मी तं तुमाले रेक्झीनच सांगतलं होतं."

"सांगतलं होतं. आता तूच मले खरी पाहून दे. अकोल्याले एका जिनवाल्याच्या घरचं सामान विकून राहिले. माणिकबाई म्हणून आहेत. त्यायचा मालक कापसाच्या सौद्यासाठी विलायतेले जाये. बासष्ट साली पॅरिसहून पर्स आणली होती म्हणतात. खरी का खोटी, हे तुह्याशिवाय कोण सांगन?"

त्यानंतर चार दिवस अफसानाचं कामात लक्ष लागलं नाही. दोनदा तिने अस्तर उलटं जोडलं.

शुक्रवारी सकाळी दोघी एस.टी.ने अकोल्याला गेल्या. ऐन कापसाच्या हंगामात सरकी काढायचा जिन बंद होता. फाटकाला गंज, आवारात गवत. मागच्या बंगल्यात पंचाहत्तरीच्या माणिकबाई एकट्या राहत होत्या. महिनाभरात त्या नागपूरला मुलीकडे जायच्या होत्या. विकलेल्या कपाटांच्या जागी भिंतीवर पांढरे चौकोन उरले होते. पंचफुला नावाची बाई वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कामाला होती. तिने चहा आणला आणि ती दाराशीच उभी राहिली.

साधना मॅडमनी आधीच आपला आकडा सांगून टाकला. "पण खरी असन तरच," असंही म्हणाल्या.

माणिकबाईंनी मलमलीच्या फडक्यातून पर्स काढली. तपकिरी, जरा कोमेजलेली, पण ताठ. अफसानाने ती मांडीवर घेतली आणि तिच्या बोटांना लगेच कळलं. टाके किंचित तिरपे होते, सगळे एका मापाचे. तिने झाकण उलटलं. पाठीमागेही तसेच. मशीनची शिलाई अशी येतच नाही. चामड्याच्या कडा घासून घासून काचेसारख्या केलेल्या. ठसा उथळ आणि स्वच्छ.

ही पर्स आता साधना मॅडमच्या कपाटात जाईल. लग्नाला बाहेर निघेल, जावेला दाखवली जाईल, पुन्हा आत जाईल. आपल्याला ती पुन्हा दिसायची नाही.

"खोटी आहे," अफसाना म्हणाली.

असं म्हणायचं तिने ठरवलं नव्हतं. तोंडून निघून गेलं.

माणिकबाईंनी मलमलीच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले होते. दोन महिने राहिले. मी एका शब्दानं विचारलं नाही, का उशीर झाला म्हणून. ही हातात दिली तेव्हा वाटलं, त्या परक्या गावात, दुकानात उभं राहून यांनी माझी आठवण काढली असेल." त्यांनी पर्सकडे पाहिलं. "म्हणजे मुंबईला उतरल्यावर फुटपाथवरनं उचलली."

साधना मॅडम उठल्या. अफसानाला चपला सापडेनात. त्या तिच्या समोरच होत्या.

बसमध्ये अफसाना खिडकीशी बसली, मग उठून दुसऱ्या बाजूला बसली. बोरगाव गेलं. साधना मॅडम जावेविषयी काहीतरी बोलत होत्या. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली, तेव्हा अफसाना म्हणाली, "मॅडम, खरी होती."

"काय?"

"पर्स. खरी होती. मी खोटं बोलली."

"काहून?"

"वाटलं, तुमी नाही घेतली तं पुढच्या हप्त्यात मी एकटी येईन. कमी पैशात घेईन. उसवून पाहीन, कशी शिवली ते."

साधना मॅडमचा चेहरा लाल झाला. "मले फसवलं ते फसवलं, त्या म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्यालेही लबाड ठरवलं तू!"

"म्हणूनच सांगून राहिली. मी वापस चालली. तुमाले यायचं असन तं या."

समोरच अकोल्याची गाडी लागली होती. साधना मॅडमही चढल्या, पण पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

बंगल्यावर पोचेपर्यंत चार वाजत आले होते. अफसानाने दारातच सगळं सांगून टाकलं. माणिकबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सकाळी खोटी म्हणालीस. आता खरी म्हणतेस. यातलं मी कोणतं धरू?"

"पर्स आणा. तुमाले दाखवते."

"पर्स नाही. पंचफुलाला देऊन टाकली. म्हटलं, ने आणि भाजी आणायला वापर."

पंचफुलाचं घर आवारातच, जिनच्या जुन्या खोल्यांत होतं. तिला हाक मारली, तर ती पर्स घेऊनच आली. आत मेथीची जुडी होती. अफसानाने जुडी बाहेर काढली, माणिकबाईंच्या पायाशी बसली आणि पिशवीतून रेक्झीनचा तुकडा, आरी आणि दोन सुया काढल्या.

"पाहा. दोन सुया, एकच धागा. एका छिद्रातून एक इकडून, एक तिकडून." तिने पाच-सहा टाके घातले. घाईत ते वाकडे पडले. "आता हा टाका पाहा आणि पर्सचा पाहा. पाठीमागून बी पाहा. ही शिवणाऱ्या माणसानं असे शेकड्यानं घातले, अन् एकही चुकला नाही. फुटपाथवाल्याले एवढा टाइम कुठून, आजी? माह्यापाशीच नाही."

माणिकबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. मग पाहणं सोडून त्या नुसत्या बोटाने चाचपत राहिल्या. एका कडेने गेल्या, दुसऱ्या कडेने परत आल्या.

"दुकानातूनच आणली होती तर," त्या म्हणाल्या.

साधना मॅडम पुढे झाल्या. "मग बाई, मी सकाळी म्हटलं तेवढे—"

"आता ती माझी नाही. दिलेलं मी परत घेत नाही. पंचफुलाला विचारा."

पंचफुलाने पदर खोचला. "सकाळी तुमी जे म्हणल्या ते मी दारातून आयकलं, ताई. तेवढेच द्या. एक रुपया कमी नाही."

साधना मॅडमनी घासाघीस करून पाहिली. पंचफुला मेथी उचलून पुन्हा पर्समध्ये कोंबू लागली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पैसे काढले.

निघताना माणिकबाईंनी अफसानाला थांबवलं. "परत आलीस, ते बरं केलंस. पण या चार तासांत मी त्यांना मनातल्या मनात जे जे बोलले, ते आता कोणाकडून मागे घेऊ?"

अफसानाने पिशवी उचलली आणि ती पायऱ्या उतरली.

साधना मॅडम पुन्हा तिच्या दुकानात आल्या नाहीत. दोन सुयांची शिलाई शिकायला अफसाना रोज संध्याकाळी बसायची. एका पट्ट्याला आठवडा लागला आणि गिऱ्हाईक म्हणालं, एवढा महाग घेऊन काय करू? तिने तो पट्टा विकला नाही. दिवसा पूर्वीसारख्याच फोटोवरून पर्स शिवत राहिली, पण हात पूर्वीसारखा चालेना.

डिसेंबरात ती एकटीच अकोल्याला गेली. माफी राहून गेली होती. त्या दिवशी तो शब्दच निघाला नव्हता. बंगल्याला कुलूप होतं. पंचफुला आपल्या खोलीवर नवे टिन टाकून घेत होती.

"बाई तं परवाच गेल्या नागपूरले," ती म्हणाली. "तुमाले पत्ता पायजे का?"

अफसानाने पत्ता लिहून घेतला. स्टँडवर अमरावतीची गाडी उभीच होती, आणि तिकडे नागपूरचीही. ती दोन्हींच्या मधे येरझाऱ्या घालत राहिली. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, तेव्हा पळत जाऊन ती नागपूरच्या गाडीत चढली.