दिव्यातला निळा कोणी खाल्ला?

मी तापट आहे, हे सुप्याच्या एमआयडीसीत आमच्या शेडच्या पलीकडेही ठाऊक आहे. त्या महिन्यात मात्र मला तापायचा हक्क होता.

आमच्या छोट्या वर्कशॉपला पहिल्यांदाच एका वेधशाळेचं काम मिळालं होतं. ताऱ्यांचा प्रकाश रंगारंगांत फोडून मोजणारं त्यांचं यंत्र रोज एका ठरलेल्या दिव्याशी ताडून पाहावं लागतं. तो दिवा आम्ही बनवला होता. दिव्याचा प्रकाश बदलला तर ताराच बदलल्यासारखा वाटतो, म्हणून त्यांची अट कडक होती. तीस दिवस दिवा अखंड चालू ठेवायचा आणि कुठलाही रंग अर्ध्या टक्क्याहून जास्त हलता कामा नये. हलला तर काम दुसऱ्याकडे. रोज अकरा वाजता दिव्याच्या डब्याची काच मऊ फडक्याने पुसून आकडे लिहायचं काम माझं होतं.

एकवीस दिवस आकडे जागचे हलले नाहीत. बाविसाव्या दिवशी खंडेनवमी आली. मशिनी बंद झाल्या, धुतल्या, झेंडूच्या माळा चढल्या.

"दिवा चालू राहील आणि त्या डब्याला कोणी बोट लावायचं नाही," मी सकाळीच बजावलं.

सहादेवमामा आमचे सगळ्यांत जुने फिटर. ते म्हणाले, "न्हाई लावत. पन बाकीच्यांना हळदकुंकू तुमच्या हातानं हुंद्या, लीनाताई."

मी लेथपासून ड्रिलपर्यंत सगळ्यांना लावलं, पेढा खाल्ला, नळाखाली हात धुतले, रोजच्यासारखी काच पुसली आणि नोंद घ्यायला बसले. लाल जागच्या जागी होता. निळा मात्र दोन टक्क्यांनी खाली.

म्हातारा होणारा दिवा निळ्याकडूनच मंदावतो, पण हळूहळू, एका दिवसात नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पिवळा रंग निळा प्रकाश खातो. हळद.

"मामा," मी सगळ्यांसमोर ओरडले, "सांगूनसुद्धा डब्याला हळद लावलीत ना? तुमच्या भक्तीपायी बाविसाव्या दिवशी काम घालवलंत."

मामांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"न्हाई ताई. तुमी सांगितलं हुतं. मी तिकडं फिरकलो बी न्हाई."

काच पुसून त्यांचं खोटं दाखवून द्यावं म्हणून मी फडकं उचललं. फडक्याच्या कोपऱ्यावर पिवळा ठसा होता, अंगठ्याएवढा. मी माझा अंगठा पाहिला. नखाच्या कडेला हळद तशीच होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

स्पिरिटने काच पुसली. निळा परत आपल्या जागी आला, अगदी कालच्या आकड्यावर. मी वहीत लिहिलं: 'काचेला हळद. दिवा ठीक. चूक लीनाची.'

मग त्याच सगळ्यांसमोर मामांची माफी मागितली. ते नुसतं "असू द्या" म्हणाले आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

तिसाव्या दिवसानंतर वेधशाळेच्या मैत्रेयीताई आल्या. मालक सुहास त्यांच्यामागे श्वास रोखून उभा. त्यांचं बोट बाविसाव्या दिवसाच्या ओळीवर थांबलं. ती त्यांनी पुन्हा वाचली, मग त्या हसल्या.

"ही ओळ नसती तर मी सही केली नसती," त्या म्हणाल्या. "महिनाभर काहीच घडत नाही, असं कुठल्याच वहीत नसतं." आणि त्यांनी सही केली.

त्या गेल्यावर मामा जवळ आले.

"ताई, दिवा पास झाला. आता तुमच्या आवाजाची बी अशीच वही ठेवू. तीस दिवस."

मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी खरंच एक वही टेबलावर आली, आणि पहिली नोंद मामांच्याच अक्षरात होती: 'सकाळी ठीक. जेवणानंतर थोडा चढला. ताई चांगल्या हायेत.'