कुने बरी झाली का?

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. एवढे मला नक्की ठाऊक आहे. पुढे सगळा गोंधळच आहे.

इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया नावाच्या जुन्या राज्याच्या किनाऱ्यावर एका कारागिराने मला हरणाच्या शिंगातून कापले, दात पाडले आणि हुनविन नावाच्या तरुण ख्रिस्ती मठवाशाच्या हाती दिले. त्याचे डोके मधोमध भादरलेले, भोवती केसांचे कडे. त्या कड्यातल्या उवा काढणे हे माझे काम. पुढे राजाने त्याला बिशप केले. अभिषेकाच्या दिवशी मोठमोठ्या धर्मगुरूंनी माझ्यानेच त्याचे केस विंचरले. उवा मात्र कालच्याच होत्या.

तो वारला, लोक त्याला संत मानू लागले आणि मला रेशमात गुंडाळून पेटीत ठेवले. माझे काय चुकले, कळेना.

एका सकाळी हिल्द नावाची मेंढपाळीण आली. पाठुंगळी तिची चार वर्षांची कुने, तापाने फणफणलेली. पेटी सांभाळायला ओस्लाक नावाचा म्हातारा मठवासी होता.

"बाबा, बिशपांची फणी बुडवलेलं पाणी द्या. तीन दिवस पोरीने डोळा उघडलेला नाही."

"पेटी सणालाच उघडते, बाई."

"मग तापाला सांगा सणापर्यंत थांबायला."

"मठाधिपती माझी पाठ सोलून काढतील," असे पुटपुटत त्याने कुलूप काढले आणि मला पाण्याच्या वाडग्यात सोडले.

मी गांगरले. मी उवांची फणी, ताप कसा काढणार? हिल्द घोट घोट पाजत होती आणि सारखी कपाळाला हात लावत होती.

"आत्ताच बघितलंस ना," ओस्लाक म्हणाला.

"ते मघाशी होतं."

कुनेच्या कपाळावर ओल दिसली. तो घाम होता की सांडलेले पाणी, हे कळायच्या आत बाहेर मठाधिपतींचा आवाज आला. ओस्लाकने मला तशीच ओली पेटीत कोंबली.

नंतर मठात बिशपांचे चरित्र लिहिले गेले. दर सणाला ते माझ्यापुढे वाचतात. पहिल्या वर्षी त्यात तापाची पोर होती. पुढच्या प्रतीत ती आंधळी झाली, मग पांगळा मुलगा. हल्ली तर चौदा जण आहेत आणि सगळे बरे होतात. लोक माझ्या पेटीला हात लावून डोळे पुसतात. कुनेचे नाव कोणी घेत नाही. ओस्लाकही आता नाही, नाहीतर त्याच्या बोलण्यातून काही कळले असते.

मित्रांनो, वस्तू ओली ठेवू नका, माझे दोन दात त्यानेच गेले. आणि पोराच्या दुखण्यात ज्याच्या दारी धावलात, त्याला पोर कसे आहे एवढे मागाहून कळवत जा. तो वाट बघत असतो.