माझा डावा खुबा

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे, पण माझ्याशी कधी कोणी खेळले नाही. नव्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना तान्ह्या बाळाची तपासणी शिकवता यावी म्हणून कारखान्यात मला मऊ रबराची घडवली. वजन बरोबर तीन किलो भरले आणि डाव्या पायाचा खुबा मुद्दाम सैल बसवला. मांडी दुमडून दाबली की तो कट्कन निसटायचा. काही बाळांचा खुबा जन्मतःच असा असतो. लवकर सापडला तर पट्टा बांधून बरा होतो, राहून गेला तर मूल लंगडते.

नऊ वर्षे मी वर्गातल्या टेबलावर काढली. गार हात, घामेजलेले हात, थरथरणारे हात, सगळ्यांनी मला तपासले. एकाने तर मला चक्क उलटी धरली. कट् ऐकू आले की शिकवणाऱ्या बाई शाबासकी द्यायच्या. त्यातली निम्मी माझी, असे समजून मी मनातल्या मनात फुगत असे.

एकदा बाईंनी मला काखोटीला मारून वॉर्डात नेले. तिथे मी पहिल्यांदा खरे बाळ पाहिले. एका दिवसाची मुलगी होती. मित्रांनो, मी थक्क झाले. तिचे पोट आपले आपण वरखाली होत होते. आईने तळहातावर बोट टेकवताच तिची मूठ मिटली. हे तिला कोणी शिकवले होते?

वर्गात पहिली आलेली तरुण डॉक्टर तिला तपासत होती. डोळे, टाळू, छाती, सगळे तिने नीट पाहिले. डावा खुबा दोनदा पाहिला, उजव्यावरून नुसता हात फिरवला आणि बाळ ठणठणीत आहे असे सांगितले. आई घरी जायला सामान आवरू लागली. बाईंनी तिला जरा थांबवले, हात चोळून ऊबदार केले आणि बाळाची उजवी मांडी दुमडली. खुबा निसटला. आवाज काहीच झाला नाही, फक्त बाईंच्या बोटांना कळले.

डॉक्टरचा चेहरा पडला. "बाई, बाहुलीचा नेहमी डावाच निसटतो. आवाजही येतो. मी त्याचीच वाट बघत होते."

"चूक तुझ्या एकटीची नाही," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं मी एकच पाय शिकवला."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आजवर असे किती खुबे नजरेतून सुटले असतील, कोण जाणे.

डॉक्टरने स्वतःच आईला आपली चूक सांगितली. आईचे डोळे भरून आले. "चालेल ना हो ती?" तिने विचारले.

"चालेल," बाई म्हणाल्या. "आज सापडलंय, म्हणून चालेल."

तेव्हापासून माझ्यावर हात बसला की शिकणारे बाळाच्या आईची परवानगी घेऊन, बाईंच्या देखत खरी बाळे तपासतात. दोन्ही पायांना सारखाच वेळ देतात. मी आता बराच वेळ कपाटात असते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यावर हव्या तितक्या चुका करा, मला दुखत नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती तपासायला खरे बाळ आले, तर मला साफ विसरा. ते बाळ याआधी कोणीच पाहिलेले नसते.