ओरखड्याची रुंदी

सासू आणि जावई एकाच प्रयोगशाळेत असू नयेत, असा नियम कुठेच लिहिलेला नाही, आणि त्याचे भोग आम्ही तीन वर्षं भोगत होतो. सासू मुख्य तंत्रज्ञ, सव्वीस वर्षांची नोकरी, टोपणनाव फूटपट्टी. जावई डॉक्टरेट घेऊन आलेला, कंत्राटी, कायम होण्याची वाट बघणारा. घरी तो तिला आई म्हणे, इथे बाई. ती त्याला दोन्हीकडे जावईबापू म्हणे, पण इथे ते जास्त झोंबे. तीन वर्षांत दोघांमध्ये चार गोड वाक्यं झाली. त्यातली दोन प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे साहेब, जवळून जात असताना.

जावयाचं काम प्रोस्टेटच्या कर्करोगावर. पेशीलाही सांगाडा असतो, पण तो आपल्या हाडांसारखा टिकाऊ नव्हे. धाग्यांचा असतो, सतत मोडायचा, सतत बांधायचा. कुठला धागा तोडायचा, कुठला जोडायचा, हे मुकादमासारखं एक एन्झाइम ठरवतं. या रोगात मुकादम माजतो. मग पेशी पाय पसरते, ग्रंथी सोडते आणि हाडात जाऊन बिऱ्हाड थाटते. जावयाकडे त्या मुकादमाचं तोंड बंद करणारं औषध होतं. त्याची परीक्षा सोपी. डिशच्या तळाशी पेशींचा दाट थर वाढवायचा, बारीक नळीच्या टोकाने मधोमध ओरखडा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, पेशींनी सरकत सरकत ती फट कितपत बुजवली. साध्या डिशमध्ये ती जवळपास बुजे. औषधाच्या डिशमध्ये अर्धीअधिक उघडी राही. हा आकडा घेऊन तो निवड समितीपुढे जाणार होता. जागा मिळाली तर मुलगी आईच्या गावात राहणार, नाही मिळाली तर नवराबायको परदेशी जाणार. सासूला हे पाठ होतं.

मुलाखतीच्या आधी फोटो नीट लावायचं काम तिच्याकडे आलं. जावयाने फक्त दुसऱ्या दिवशीची फट मोजली होती. हिने पहिल्या मिनिटाचे जुने फोटो शोधून तेही मोजले. औषधाच्या डिशमधला ओरखडा मुळातच रुंद होता. रुंद फट उशिरा बुजते, त्याला औषध कशाला लागतं? मग तिने सगळा प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहिला. औषधाने काडीचा फरक पडला नाही.

दुसरी एखादी सासू हे घरी, दार लोटून बोलली असती. ही सोमवारच्या बैठकीत बोलली, साहेबांसमोर. त्यात सत्याची चाड किती आणि तीन वर्षांची खुन्नस किती, हे मोजायला तिच्याकडेही फूटपट्टी नव्हती.

जावई आधी हसला. मग म्हणाला की बाईंनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. साहेब हसले नाहीत, तेव्हा त्याने बाह्या वर केल्या आणि आत्ताच, सगळ्यांदेखत, माझा हात बघा म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण म्हणी वेळेवर आठवल्या असत्या तर एवढ्या झाल्याच नसत्या.

सासूने बारा डिश पुढे ठेवल्या, सहांवर चिठ्ठी ‘औषध’, सहांवर ‘साधी’. जावयाने बारा ओरखडे काढले. तिने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजून आकडे फळ्यावर लिहिले. ‘औषध’वाले सहाही रुंद.

“यातल्या एकाही डिशमध्ये औषध नाही, जावईबापू,” ती म्हणाली. “तुमच्या हाताला फक्त चिठ्ठी वाचता येते.”

जावई कानापर्यंत लाल झाला. पण माणूस बुडताना शेजाऱ्याचा पाय धरतो. तो म्हणाला, “मग बाईंच्याही डिशचे पहिल्या मिनिटाचे फोटो उघडा. की त्यांचा हात देवाघरून मोजून आलाय?”

साहेबांनी फोटो उघडले. तिच्या औषधाच्या डिशमधले ओरखडे अरुंद होते. सहाच्या सहा. अरुंद फट लवकर बुजते, मग औषधाचा फरक दिसणार कुठून? जावयाचे सगळे मोजणाऱ्या बाईला स्वतःचे मोजायचं सुचलंच नव्हतं. तिने पडद्याजवळ जाऊन पुन्हा एकेक मोजून पाहिलं.

साहेबांनी दोघांनाही नळीला हात लावायची बंदी केली. सामानाच्या खोलीतल्या कारकुनाला धरून आणलं. त्याला प्रोस्टेट कुठे असतं हेही सांगितलं नाही, नुसते क्रमांक लिहिलेल्या डिश दिल्या. तीन दिवसांनी कळलं, औषध चालतं. पण फट बुजण्याचा वेग जेमतेम सहाव्या हिश्श्याने कमी होतो. मुकादम गप्प बसत नाही, नुसता आवाज खाली आणतो.

जावई तो आकडा घेऊन समितीपुढे गेला. लपवाछपवी केली नाही, एवढं त्याच्या नावावर लिहायला हवं. समितीने त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि जागा मोठ्या आकड्यावाल्याला दिली.

त्याचं टेबल आवरायला मुलगी आली. आई खोक्याला चिकटपट्टी लावायला पुढे झाली, तेव्हा मुलीने खोकं आपल्याकडे ओढलं.

“तू खरं तेच बोललीस, ते मी नाकारत नाही,” ती म्हणाली. “आदल्या रविवारी तू आमच्याकडेच जेवलीस, आई. तेव्हा का नाही बोललीस?”

आई म्हणाली की नियम असतात, अशा गोष्टी बैठकीतच मांडायच्या असतात. मुलगी तशीच बघत राहिली. आईने दुसरं वाक्य सुरू केलं, ते अर्ध्यात सोडलं आणि डिश बाहेर राहिल्यात म्हणून आतल्या खोलीत गेली.

डिश बाहेर नव्हत्या. मुलीने पट्टी दाताने तोडली आणि पुढचं खोकं घेतलं.